छत्री बसवायची, पण रक्ताची तयारी करून

डॉक्टर काकू, सप्रेम नमस्कार.

आम्ही मूळचे गोंदियाकडचे. मिस्टर पीथमपूरला कारखान्यात आहेत म्हणून इंदूरला, लोकमान्य नगरात राहतो. मुलगा पाच वर्षांचा, वजन साडेतेरा किलो. दीड वर्षाचा असताना हातापायाची बोटं सुजली, तेव्हा तपासणीत सिकल सेल हा रक्ताचा आजार निघाला, एसएस पॅटर्न. हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे. गेल्या हिवाळ्यात दोनदा न्यूमोनिया झाला म्हणून इको केला, तर हृदयाच्या वरच्या पडद्याला 14 मिलिमीटरचं छिद्र निघालं आणि उजवी बाजू मोठी झाली आहे म्हणाले. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, मांडीतून छिद्र बुजवणारी छत्री बसवू, तीन आठवड्यांनी या, येताना हिमोग्लोबिन वाढवून आणा. ते आता 8 आहे, त्यात एस 80 टक्के. रक्ताचे डॉक्टर म्हणतात, रक्त बदलायचं का ते बघावं लागेल, घाई नको. सासूबाई म्हणतात, आधीच अशक्त पोर, मोठा झाला की बघू. माझा भाऊ रक्त द्यायला तयार आहे, गट जुळतो. मिस्टरांनी स्वतःची सिकलची तपासणी केलेली नाही, ‘आमच्याकडे कुणाला नाही’ म्हणतात. आठ महिन्यांची मुलगीही आहे. कुणाचं ऐकू?

— एक आई, इंदूर

अगं, तुझं पत्र वाचून मला छिद्राची फार धास्ती वाटली नाही. धास्ती वाटली ती ‘हिमोग्लोबिन वाढवून आणा’ या सूचनेची. एखाद्या साध्या अशक्त मुलाच्या आईला असं सांगितलं तर बिघडत नाही. सिकलच्या मुलाच्या आईला सांगितलं, आणि ती बिचारी कुठल्याशा नर्सिंग होममध्ये जाऊन दोन-तीन पिशव्या चढवून 12–13 करून आली, तर मदतीऐवजी घात व्हायचा. सिकलचं रक्त मुळात दाट वाहतं. एसचं, म्हणजे सिकलच्या हिमोग्लोबिनचं, प्रमाण जास्त असताना वरून रक्त ओतत गेलं की ते आणखी दाट होतं, बारीक वाहिन्यांत अडकतं, आणि मेंदूला झटका येण्याची भीती असते. म्हणून एस भरपूर असेल तोवर नुसतं चढवून 10–11 च्या वर नेत नाहीत. हे घरात सगळ्यांना सांगून ठेव.

आता थोडं गणित करू, म्हणजे रक्ताचे डॉक्टर ‘बदलायचं’ का म्हणतात ते कळेल. हिमोग्लोबिन 8, त्यातलं 80 टक्के एस, म्हणजे 6.4 ग्रॅम सिकलचं. चांगलं रक्त चढवून तू ते 10 वर नेलंस तरी सिकलचं 6.4 तसंच राहिलं, म्हणजे 64 टक्के. मोठ्या हृदयशस्त्रक्रियेआधी एस 30 टक्क्यांच्या खाली आणायची पद्धत आहे. नुसतं चढवून तिथवर जायचं तर हिमोग्लोबिन 21 करावं लागेल, जे अशक्य आणि जीवघेणं. म्हणून एकीकडून त्याचं रक्त काढायचं आणि दुसरीकडून दात्याचं द्यायचं, याला एक्स्चेंज म्हणतात. दुसरा, सावकाश रस्ताही आहे: दर तीन-चार आठवड्यांनी थोडं थोडं रक्त देत दोन-तीन महिने जाऊ द्यायचे. सिकलच्या पेशी दहा-वीस दिवसांतच मरतात, दात्याच्या पेशी कितीतरी जास्त टिकतात, आणि बाहेरून रक्त मिळत असलं की मुलाची हाडंही नव्या सिकल पेशी कमी बनवतात. एसचा टक्का आपसूक उतरतो. साडेतेरा किलोच्या पोराला कोणता रस्ता बरा, हे रक्ताच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

पण छत्रीसाठी एस 30 च्या खाली हवंच का? इथे दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. छत्री मांडीच्या शिरेतून जाते, छाती उघडत नाहीत, हृदय थांबवत नाहीत, हार्ट-लंग मशीन लागत नाही. अशा मध्यम जोखमीच्या कामाला पुष्कळ ठिकाणी हिमोग्लोबिन 10 च्या आसपास आणणं पुरेसं धरतात. 2013 साली ‘लॅन्सेट’मध्ये एक चाचणी छापून आली होती, कमी ते मध्यम जोखमीच्या शस्त्रक्रियांसाठी: आधी रक्त न दिलेल्या सिकल रुग्णांपैकी 39 टक्क्यांना मोठी गुंतागुंत झाली, रक्त दिलेल्यांपैकी 15 टक्क्यांना. फरक इतका दिसला की चाचणी मध्येच थांबवावी लागली. म्हणजे रक्ताची तयारी न करता भूल देणं, मग ती ‘बिनटाक्याच्या’ कामासाठी का असेना, मला पटत नाही.

छिद्राच्या कडा कमी पडल्या आणि छत्री धरणार नाही असं दिसलं, तर छाती उघडावी लागते, आणि मग सगळा हिशोब बदलतो. मशीनवर रक्त फिरवताना शरीर थंड करतात, मुख्य धमनीला चिमटा लावतात, हृदय थंड औषधाने थांबवतात. थंडी, प्राणवायूची कमतरता, आम्लता, पाणी कमी होणं, या चारही गोष्टींनी सिकलची पेशी विळ्यासारखी वाकते, आणि या चारही गोष्टी हृदयाच्या ऑपरेशनमध्ये ठाण मांडून बसलेल्या असतात. म्हणून तिथे एस 30 च्या खाली हवं, आणि शरीर शक्यतो कोमट ठेवूनच मशीन चालवायचा आग्रह धरायचा. जाणकार चमू हे करतात. छत्री बसवायला घेतलं आणि ऐनवेळी छाती उघडायची पाळी आली तर काय, हा प्रश्न आधीच विचार. त्याचं उत्तर मिळालं की एस किती खाली आणायचं तेही बरंचसं ठरतं.

सासूबाईंचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. एएसडी, म्हणजे वरच्या पडद्याचं छिद्र, हे धावपळीचं दुखणं नाही. तीन ते पाच हे ते बंद करायचं चांगलं वय, पण त्यात काही महिने इकडेतिकडे झाले तर आकाश कोसळत नाही. शिवाय छत्रीसाठी पुष्कळ ठिकाणी 15 किलोच्या आसपास वजन पसंत करतात, तेव्हा रक्ताच्या तयारीत जाणारे दोन-तीन महिने खाऊपिऊ घालण्यात गेले तर वायाही जात नाहीत. ‘मोठा झाला की बघू’ हे मात्र चालणार नाही. बाळपणी सापडलेली लहान छिद्रं पुष्कळदा बुजतात. पाचव्या वर्षी 14 मिलिमीटर आणि उजवी बाजू वाढलेली, असं छिद्र स्वतःहून मिटण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

आणि या मुलाच्या बाबतीत वाट बघणं साध्या एएसडीपेक्षा महाग आहे. छिद्रातून डावीकडचं रक्त उजवीकडे येतं आणि फुप्फुसांत जास्तीचं रक्त जात राहतं. वर्षानुवर्षं असं चाललं की तिथला दाब वाढू शकतो. सिकल स्वतःही मोठेपणी फुप्फुसांचा दाब वाढवतो. दोन वाटांनी एकाच ठिकाणी नुकसान. तिसरं म्हणजे, पायाच्या शिरेतली गुठळी सहसा फुप्फुसात अडते. पडद्याला छिद्र असेल तर ती कधीकधी त्यातून पलीकडे जाऊन मेंदूत पोचते. सिकलच्या मुलांना मेंदूच्या झटक्याचा धोका आधीच असतो: उपचार नसतील तर वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत एसएस असलेल्या शंभरातल्या अकराएक जणांना. म्हणून ट्रान्सक्रेनियल डॉपलर झालं आहे का ते विचार. डोक्याच्या बाजूला प्रोब ठेवून मेंदूच्या धमन्यांतला वेग मोजतात, दुखत नाही, दोन ते सोळा वर्षांच्या एसएस मुलांना दरवर्षी करायचं असतं. ते आधी व्हायला हवं, कारण त्यात वेग फार वाढलेला निघाला तर रक्त देण्याची योजनाच बदलते.

मग हे छिद्र इतक्या उशिरा का सापडलं, असा राग तुला येत असेल. फार राग धरू नकोस. सिकलच्या मुलाच्या छातीत मर्मर, म्हणजे हृदयाचा जादा आवाज, ऐकू येणं नेहमीचंच, हिमोग्लोबिन कमी असल्याने हृदय रक्त वेगाने ढकलतं म्हणून. दम, थकवा, वजन न वाढणं, एक्स-रेत हृदय मोठं दिसणं, सगळं पंडुरोगाच्या खात्यात जमा होतं. पंडुरोगाने मुख्यतः डावी बाजू ताणली जाते आणि एएसडीने उजवी. ते इकोशिवाय कळत नाही. त्यामुळे हे वाचणाऱ्या सिकल किंवा थॅलेसेमियाच्या मुलांच्या आईवडिलांना सांगते, एकदा इको करून घ्याच.

सिकलमुळे छिद्र झालं असंही समजू नकोस. हृदयाचे जन्मजात दोष हजार बाळांमागे आठ-नऊ जणांना असतात, सिकल असो वा नसो. तुझ्या मुलाच्या वाट्याला दोन्ही आली, एवढंच. रक्ताचे काही दुर्मीळ आनुवंशिक आजार, जसे फॅन्कोनी किंवा डायमंड-ब्लॅकफॅन, हृदयाचे आणि अंगठ्याचे दोष बरोबर घेऊन येतात. तुझ्या मुलाचा तो प्रकार नाही.

आता भावाच्या रक्ताबद्दल. ‘आपलं रक्त ते आपलं’ असं म्हणत मामा-काका रक्तपेढीत रांग लावतात, मी नेहमी परत पाठवायची. एक तर मामा स्वतः सिकलचा वाहक असू शकतो, आणि मग एस घालवण्यासाठी एस चढवण्याचा प्रकार होतो. दात्याची पिशवी सिकल-निगेटिव्हच लागते. दुसरं, जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मुलाच्या शरीरात रुजून त्याच्यावरच उलटू शकतात. विरळा, पण झालं तर हाताबाहेरचं. तिसरं, उद्या बोनमॅरो ट्रान्सप्लांटचा विचार झाला तर घरच्यांचं रक्त आधी घेतलेलं असणं नडतं. भाऊ तपासणीत ठीक निघाला तर त्याने खुशाल रक्तदान करावं, पण दुसऱ्या कुणासाठी.

आणि ‘गट जुळतो’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. सिकलच्या मुलाला आयुष्यभर रक्त लागू शकतं, म्हणून ए-बी-ओ आणि आरएच-डीच्या पुढे जाऊन सी, ई आणि केल हे उपगट जुळवलेलं, पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागायचं, आणि प्रत्येक वेळी अँटीबॉडी स्क्रीनिंग करून घ्यायचं. रक्त दिल्यानंतर साधारण दोन आठवड्यांत लघवी चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले, हिमोग्लोबिन अचानक घसरलं, तर ‘रक्त कमी पडलं’ म्हणून आणखी चढवायला धावू नकोस, आधी रक्ताच्या डॉक्टरांना फोन कर. सिकल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना सरकारी रक्तपेढीत रक्त मोफत आणि बदली दाता न मागता मिळायला हवं. इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या रक्तपेढीत आधी जाऊन उपगटांचं आणि स्क्रीनिंगचं बोलून ये. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गेलीस तर हातात येईल ती पिशवी घ्यावी लागते.

तेव्हा माझा सल्ला असा: तारखेआधी दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लाव, आणि तिथे भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही घे. तू निरोप्या होऊ नकोस. एकाचं वाक्य दुसऱ्याला सांगताना आईकडून अर्धं सुटतं आणि अर्धं भीतीने वाढतं, त्यात तुझा दोष नाही. कागदावर लिहून घे: एसचं लक्ष्य किती, हिमोग्लोबिन किती, रक्त कुठे आणि कधी, ऑपरेशनच्या सकाळी एस पुन्हा मोजणार का. हृदयाचं मोठं नाव असलेलं पण रक्तरोगतज्ज्ञ नसलेलं रुग्णालय, आणि दोघंही एका छताखाली असलेलं मध्यम रुग्णालय, यांत मी दुसरं निवडीन.

त्या दिवसाच्या काही गोष्टी तुला बघाव्या लागतील, कारण गडबडीत त्या निसटतात. उपाशी ठेवणं सगळ्यात वाईट. ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असं वॉर्डमध्ये सरसकट सांगतात. तुझ्या मुलाला पहिला नंबर मागून घे, रात्री सलाईन चालू ठेवायला सांग, आणि पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञांनाच विचार, बहुधा दोन तास आधीपर्यंत चालतं. छत्री बसवतात ती खोली, कॅथलॅब, थंडगार असते, गरम पांघरूण आधीच ठरवून ठेवायला सांग. छिद्र बंद होईपर्यंत सलाईनच्या नळीत हवेचा बुडबुडा चालणार नाही, तो पलीकडे जाऊन मेंदूत शिरू शकतो. नळी लावताना सिस्टरला ‘याला एएसडी आहे’ एवढं आठवण करून दिलंस तर कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी चालेल. नंतर दुखणं दाबून ठेवू नका. दुखलं की मूल उथळ श्वास घेतं, आणि उथळ श्वासातून सिकलच्या मुलाची छाती भरते. श्वासाने तीन चेंडू वर ओढायचं खेळणं मिळतं, ते आत्तापासून घरी शिकवून ठेव. नुकताच ताप, न्यूमोनिया किंवा क्रायसिस (सिकलच्या तीव्र दुखण्याचा झटका) झाला असेल तर तारीख पुढे ढकलायची, पैसे भरले असले तरी.

घरी आल्यावर सहा महिने छत्रीवर आतून अस्तर चढेपर्यंत बहुधा अ‍ॅस्पिरिन देतात. इथे एक गफलत होते. सिकलच्या घरात दुखलं की आयब्युप्रोफेन द्यायची सवय असते. ते अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणतं आणि रक्तस्रावाचा धोका वाढवतं, म्हणून त्या काळात क्रायसिसला काय द्यायचं ते लिहून घे. कांजिण्या किंवा फ्लू आला तर अ‍ॅस्पिरिनबद्दल लगेच डॉक्टरांना विचार. त्याच सहा महिन्यांत दाताचं काम निघालं तर आधी अँटिबायोटिक लागतं. आणि ताप 101 च्या वर गेला तर उद्यावर ढकलायचं नाही. हे सिकलसाठी आधीही खरं होतं. न्यूमोकोकल, मेनिन्गोकोकल, टायफॉइड, फ्लू यांतली कोणती लस राहिली आहे ते ऑपरेशनआधी तपास. पेनिसिलिन पाच वर्षं पूर्ण झाली म्हणून आपल्या मनाने बंद करू नकोस.

पैशाचं तू लिहिलं नाहीस, पण मनात असणारच. आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या बाल तपासणी केंद्रात जा. आरबीएसके या केंद्राच्या कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात हृदयदोष आणि सिकल दोन्ही येतात, आणि मध्य प्रदेशाची मुलांच्या हृदयोपचाराची वेगळी योजनाही आहे. नवा रायपूरचं सत्य साई संजीवनी रुग्णालय मुलांची हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत करतं. ते छत्तीसगडात असल्याने सिकल त्यांना नवखा नाही. तुझ्या गोंदियाहून गाडीने फार लांबही नाही. सिकल आजार 2016 च्या दिव्यांग कायद्यात आहे, तेव्हा मुलाचं प्रमाणपत्र काढून ठेव.

थॅलेसेमिया मेजरच्या आईवडिलांचीही अशीच पत्रं येतात, म्हणून थोडक्यात. तिथे पेशी वाकत नाहीत, तेव्हा एस-बीसचा प्रश्न नाही. नेहमीचं रक्त दिल्यावर लगेचची तारीख घ्यावी. हृदयात लोह साचलंय का ते जरा मोठ्या मुलात एमआरआयने बघावं, आणि प्लीहा काढलेली असेल तर गुठळ्यांचा धोका जास्त, हे छत्री बसवणाऱ्याला आवर्जून सांगावं. हिमोफिलियात रक्त गोठवणारा फॅक्टर तयार असल्याशिवाय सुईसुद्धा टोचू देऊ नये. सिकलचा नुसता वाहक असलेल्या मुलाचं ऑपरेशन सहसा नीट होतं, पण भूलतज्ज्ञाला ते माहीत हवं.

राहिले तुझे मिस्टर. एसएस मूल व्हायला एक एस आईकडून आणि एक वडिलांकडून यावा लागतो, यात वादाला जागाच नाही. सासूबाईंच्या घराण्यात ‘असलं काही’ नसेल तर याचा अर्थ एवढाच की वाहक धडधाकट असतात आणि कुणी तपासलं नाही. लाज वाटण्याजोगं यात काही नाही. मलेरियाच्या प्रदेशात वाहक जास्त जगले म्हणूनच हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला. मिस्टरांना भांडून नेऊ नकोस, मुलीच्या तपासणीला बरोबर ने आणि तिथेच त्यांचंही रक्त काढून घे. नुसती सोल्युबिलिटीची चाचणी नको, ती वाहक आणि रुग्ण दोघांतही पॉझिटिव्ह येते, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी एचपीएलसी करा. मुलगी आठ महिन्यांची आहे, बाळपणीचं हिमोग्लोबिन अजून थोडं शिल्लक असेल, म्हणून रिपोर्ट शंकास्पद आला तर वर्षाची झाल्यावर पुन्हा करा. ती निरोगी किंवा नुसती वाहक निघाली आणि तिचं एचएलए (ट्रान्सप्लांटसाठी जुळवतात तो पेशींचा गट) भावाशी जुळलं (चारात एक एवढी शक्यता असते), तर पुढे ट्रान्सप्लांटची दाता ती होऊ शकते. तो विषय निघाला तर बहुतेक ठिकाणी आधी हृदय नीट करून घेतात, तेव्हा तेही रक्ताच्या डॉक्टरांशी याच भेटीत बोलून घे.